बिस्किटांच्या डब्यातली औषधं: फोंडा तालुक्यातलं एक प्रकरण

थोरल्या मुलाने फोन केला तो एका कागदासाठी. आईला म्हातारचळ लागलाय, पुण्याच्या धाकट्या भावाला ते पटत नाही, तेव्हा डॉक्टरांच्या सहीने चार ओळी मिळाल्या तर बरं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पंधरा दिवसांवर आली होती. धाकटा चवथीला घरी येणार, तेव्हा त्याच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा कागद पुढे ठेवावा, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, कागद देईन, पण आधी माईंना बघेन.

मी वृद्ध रुग्णांना घरी जाऊन तपासते. हे टिपण माईंच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. गाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे दोनचार तपशील बदलले आहेत. घरात सगळे त्यांना माई म्हणतात, मीही तेच म्हणते. बोलणं सगळं कोकणीत झालं आणि नोंदी मी मराठीत ठेवल्या. अंत्रुज महालात, म्हणजे गोव्याच्या या फोंडा भागात, हे नवं नाही: भांडण कोकणीत, पोथी मराठीत.

माई ७८ वर्षांच्या. पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या अग्रशाळेत भरणाऱ्या मराठी शाळेत दोन इयत्ता झाल्या, तेवढ्या शिदोरीवर हरिपाठ वाचतात. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. घरामागे छोटं कुळागर: माड, पोफळी, मिरवेली, थोडी केळी. थोरला कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. सून, म्हणजे आमच्या वहिनी, गावच्या शाळांना माध्यान्ह आहार पुरवणाऱ्या महिला मंडळात कामाला होत्या. नातू कॉलेजात, मुलगी डिचोलीला दिलेली. शिगम्यापर्यंत माई आपलं सगळं आपण करायच्या, पोफळीखाली पडलेली सुपारी वेचायच्या आणि सुनेच्या स्वयंपाकात खोड काढायच्या. हे शेवटचं वहिनींनी मुद्दाम सांगितलं. आषाढात ते बंद झालं तेव्हाच त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

पहिली भेट

श्रावणातली दुपार, पाऊस नुकता थांबलेला. माई सोप्यावर खुर्चीत होत्या. डोळे अर्धवट मिटलेले, पदराची कड चिमटीत धरायच्या, सोडायच्या, परत धरायच्या. उजवं मनगट काळंनिळं. नाव विचारलं तर बरोबर सांगितलं. मग माझ्या खांद्यापलीकडे बघून सुनेला म्हणाल्या, त्यांना बसायला पाट दे. पलीकडे कुणी नव्हतं.

दिवसभर अशाच पेंगतात, रात्री जागतात आणि कुळागरात माणसं उभी आहेत म्हणून सांगतात, कधी तासभर अगदी पूर्वीसारख्या बोलतात आणि पुन्हा हरवतात, असं वहिनी म्हणाल्या. "पूर्वीसारख्या बोलतात" हे त्यांनी ओघात सांगितलं, पण मी तिथेच थांबले. स्मृतिभ्रंश सहसा असा तासातासाला वरखाली होत नाही. तो हळूहळू, वर्षावर्षाने उतरतो आणि सुरुवात कधी झाली ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही. इथे वहिनी आठवडा सांगू शकत होत्या: आषाढी एकादशीला माई भजनाला गेल्या नाहीत.

मी माईंना वार उलटे म्हणायला सांगितले. आयतवार, शेनवार, शुक्रार... आणि तिथेच थांबल्या, माझ्याकडे बघितलं, पदर चिमटीत धरला. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा शनिवारीच थबकल्या. हा स्मरणाचा दोष नाही, अवधान टिकत नसल्याची खूण आहे. शॅरन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली डिलिरियम, म्हणजे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, ओळखण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात चारच गोष्टी बघतात: अचानक सुरुवात आणि चढउतार, अवधान न टिकणं, विचारांचा विस्कळीतपणा, जागेपणाची पातळी बदलणं. पहिल्या दोन असल्याच पाहिजेत, उरलेल्यांपैकी एक पुरते. माईंच्यात चारही होत्या.

डिलिरियमला मराठीत प्रलाप म्हणतात, पण घरात तो शब्द कुणी वापरत नाही. घरात म्हणतात म्हातारचळ, आणि त्या एका शब्दात डिलिरियम, स्मृतिभ्रंश, खिन्नता, बहिरेपणा सगळं बसवतात. इंग्रजी शिकलेले लोक त्याच पोत्याला डिमेन्शिया म्हणतात. पोतं तेच.

बाकी तपासणीत जे सापडलं ते असं. जीभ टाळूला चिकटेल इतकी कोरडी. पाच दिवस शौचाला झालेलं नाही. ओटीपोट फुगलेलं, दाबल्यावर माईंनी माझा हात झटकला. घोट्यांना सूज, बोट दाबलं की खळगा राहतो. झोपून रक्तदाब १४२/७८, उभं केल्यावर तीन मिनिटांत ११४/७०, आणि त्यांनी माझा खांदा धरला. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तरी तो दोष मानतात, इथे वरचा २८ ने उतरला होता. मनगटाचं काळंनिळं त्यातूनच आलेलं. संडास घराबाहेर, चार चिऱ्यांच्या पायऱ्या उतरून. आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे आषाढापासून चिऱ्यावर शेवाळ असतंच. अंधारात, घाईने, पडल्या.

डबा

मी औषधं दाखवा म्हटलं, तेव्हा वहिनींनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात अकरा प्रकारच्या गोळ्या, काही पट्ट्या कापून अर्ध्या केलेल्या, नावं कापली गेलेली. चिठ्ठ्या तीन डॉक्टरांच्या. शिवाय एका पट्टीची चिठ्ठीच नाही, ती फार्मसीतून आणलेली. भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं. वहिनी दूध, गॅस आणि डॉक्टर एकाच तारखेच्या चौकोनात लिहितात, त्यामुळे महिने लावणं सोपं गेलं.

शिगम्याच्या सुमारास रक्तदाब जास्त निघाला म्हणून अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमवरून १० वर नेलं. महिन्याभरात पाय सुजले. सूज दिसली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी फ्युरोसेमाइड दिलं, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. पाऊस लागेपर्यंत माई रात्रीतून चार वेळा उठायला लागल्या, दोनदा कपडे भिजले. सुनेला धुवायला लागू नयेत म्हणून लुगडं स्वतःच पहाटे न्हाणीत पिळून ठेवायच्या, हे वहिनींना नंतर कळलं. मुलीने तिसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी लघवीची घाई थांबवायला ऑक्सिब्युटिनिन सुरू केलं. मधुमेहामुळे तळवे जळतात म्हणून रात्री अॅमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅम वैशाखापासून चालूच होतं. आणि आषाढात सर्दी झाली तेव्हा फार्मसीतली क्लोरफेनिरामाइनची गोळी, दिवसातून दोनदा, संपेपर्यंत.

अॅम्लोडिपिनने येणारी सूज ही शरीरात पाणी जास्त झाल्याची सूज नव्हे. या औषधाने लहान धमन्या सैलावतात, शिरा तेवढ्या सैलावत नाहीत, केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्याशी साचतं. तिथे फ्युरोसेमाइड दिलं तर लघवी वाढते, सूज जवळपास तिथेच राहते. पुढे ऑक्सिब्युटिनिन मूत्राशयाच्या स्नायूला मिळणारा अॅसिटाइलकोलिनचा निरोप अडवतं. पण तेच रसायन मेंदूत अवधान आणि स्मरणाच्या कामाचं असतं, आतड्याच्या चालीला लागतं, तोंडाला ओल आणायला लागतं. अॅमिट्रिप्टिलिन आणि सर्दीची गोळी त्याच निरोपाच्या वाटेवर आणखी दोन दगड टाकतात. तरुण माणूस फार तर पेंगुळतो. सत्तरीपुढे ही शिल्लकच कमी असते.

एका औषधाच्या त्रासाला नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध द्यायचं, या प्रकाराला पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस नाव दिलं, आपण त्याला औषधांची साखळी म्हणू. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची मार्क बीअर्स यांची यादी तर १९९१ सालची, अमेरिकेतली वृद्धवैद्यक संस्था ती अजून सुधारत असते, शेवटची मी वापरते ती २०२३ ची. माईंच्या डब्यातली तीन औषधं त्या यादीत आहेत. हे ज्ञान गुप्त नाही. तरीही तिन्ही डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. प्रत्येकाने समोर आलेल्या तक्रारीला बरोबर औषध दिलं. डबा पूर्ण उघडून बघायची पाळी कुणावरच आली नव्हती, कारण डबा घरी आणि चिठ्ठी पिशवीत.

(मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं एकत्र चालली तर ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. माईंचं कमी होतं. त्याची इंजेक्शनं सुरू केली. या प्रकरणात ते गौण, पण डबा उघडला की असं काहीतरी निघतंच.)

काय केलं

डोक्याला मार लागलेला असू शकतो, म्हातारपणी मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचतं आणि आठवड्यांनी बडबड सुरू होते, म्हणून आधी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेऊन डोक्याचा सीटी स्कॅन केला. रक्तस्राव नव्हता. सोडियम १२९ निघालं, ते १३५ ते १४५ हवं. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात २८० मिलिलिटर उरत होती. म्हणजे वरून गळत होती आणि आत तुंबत होती. जंतुसंसर्ग नव्हता.

दाखल करावं का, यावर मी बराच वेळ घालवला. आकडे दाखल करण्यासारखे होते. पण डिलिरियम झालेल्या माणसाला अनोळखी वॉर्ड, रात्रभर दिवे आणि दर दोन तासांनी नवा चेहरा म्हणजे आगीत तेल. घरी चोवीस तास माणूस होतं, उपकेंद्रातली नर्स एका हाकेवर होती, आणि दर दोन दिवसांनी मी येणार होते. घरीच ठेवलं. दुसऱ्या घरात, दुसऱ्या सुनेबरोबर, मी वेगळं ठरवलं असतं. वहिनींच्या खांद्यावर मी त्या दिवशी काय ठेवलं याचा विचार मात्र केला नाही. तो पुढे येतो.

पुस्तकात एका वेळी एकच औषध कमी करा म्हणतात. मी ऑक्सिब्युटिनिन, सर्दीची गोळी आणि फ्युरोसेमाइड त्याच दिवशी थांबवलं, अॅम्लोडिपिन परत ५ वर आणलं, अॅमिट्रिप्टिलिन दोन आठवड्यांत उतरवायचं ठरवलं. थोरला अडला. आषाढात शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी देवाला कौल लावला होता, औषधं चालू ठेवायची का म्हणून, आणि उजवा कौल मिळाला होता. आता तो मोडायचा कसा? मी काही बोलणार त्याआधी वहिनीच म्हणाल्या, औषध चालू ठेवू का एवढंच विचारलं होतं, सगळी का, असं कुणी विचारलं नव्हतं. प्रकरण मिटलं.

मीठ तोडलेलं होतं, ते थोडं परत दिलं. पेजेबरोबर तोराचं, म्हणजे कोवळ्या कैरीचं, लोणचं मिळाल्यावर माई चार घास जास्त जेवल्या. शौचाची सोय केली. चष्मा सापडत नव्हता, तो देव्हाऱ्यामागे निघाला. खुर्ची उजेडाकडे वळवली. रात्री खोलीत शून्याचा दिवा आणि खाटेशेजारी कमोडची खुर्ची, म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्या उतरायलाच नकोत.

चौथ्या रात्री सलग चार तास झोपल्या. नवव्या दिवशी अंगण का झाडलं नाही म्हणून सुनेला विचारलं. दोन आठवड्यांनी सोडियम १३६ आणि मूत्राशयात उरणारी लघवी ६० मिलिलिटर. घोट्याची सूज अॅम्लोडिपिन कमी केल्यावर आपोआप उतरली. कुळागरातली माणसं मात्र चवथीच्या आदल्या दिवसापर्यंत अधूनमधून दिसत होती, मग तीही गेली.

चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधताना माई खाली खुर्चीत बसून वर बघत नातवाला सांगत होत्या, शिपटं डावीकडे, तोरिंगण मधे, कांगलां मागे कशाला लपवतोस. धाकटा पुण्याहून आला, त्याने हे बघितलं आणि म्हणाला, "आई बरी तर आहे की. मी सांगत होतो." थोरल्याने माझ्याकडून कागद मागितला नाही. धाकट्याचं म्हणणं खरं ठरलं, फक्त दोन आठवडे उशिरा आणि त्याच्या कसल्याही मदतीविना. वहिनी त्या वेळी आत मोदकाच्या चुलीपुढे होत्या आणि त्यांनी ते वाक्य ऐकलं, हे मला कार्तिकात कळलं.

कार्तिकातली परीक्षा

डिलिरियम चालू असताना स्मरणशक्तीची परीक्षा घेण्यात अर्थ नसतो, म्हणून ती तीन महिन्यांनी घेतली. तीस गुणांच्या प्रचलित प्रश्नावलीत माईंना १९ मिळाले. कागदावर हा आकडा वाईट दिसतो. पण गुण गेले कुठे ते बघा. आजची तारीख विचारली, सांगता आली नाही. मी पुढच्या प्रश्नाकडे वळणार तोच म्हणाल्या, कार्तिक वद्य पंचमी. भिंतीवर बघितलं, बरोबर. प्रश्नावलीत तिथीला गुण नाही. शंभरातून सात-सात वजा करा: दोन इयत्ता शिकलेल्या बाईला हे कधी लागलं? सुपारीचा हिशेब त्या वीस-वीसने करतात, तसा विचारला तर चुकल्या नाहीत.

एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगायला लावतात. माईंनी आठ सांगितली आणि कंटाळल्या. मग मी माटोळीला काय काय बांधतात विचारलं. नारळ, शिपटं, तोरिंगण, आंबाडे, कांगलां, घागऱ्यो... मिनिटात एकोणीस, आणि वर कुठलं कुठल्या रानात मिळतं तेही. हे प्रमाणित नाही, याचा गुण कुठेच लिहिता येत नाही, याची मला जाणीव आहे. १०/६६ नावाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन गटाने कमी शिकलेल्यांना अन्याय होणार नाही अशी निदानपद्धत बांधण्यात वर्षं घातली, ती उगाच नाही. आणि त्या गटाच्या कामात गोवा सुरुवातीपासून आहे.

आता दुसरी बाजू, कारण माटोळीच्या गोष्टीने मीही भुलले होते. पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले तर माईंना एकही आठवला नाही, आणि आठवण करून दिली, "एक भाजी होती," तरीही नाही. एकच गोष्ट त्या तासात तीनदा सांगितली. वहिनींना खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, गेल्या वर्षीच्या चवथीतही करंज्या दोनदा तळायला घेतल्या होत्या. म्हणजे औषधांनी घातलेला गोंधळ गेला आणि त्याच्याखाली खरा, हळू चाललेला विसर उरला. मेंदू आधीच थोडा थकलेला असला की डिलिरियम लवकर गाठतो, आणि डिलिरियम होऊन गेलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळतो. माईंच्या बाबतीत कोण आधी हे मला सांगता येणार नाही. थोरल्याला हवा होता तो कागद पूर्ण खोटा ठरला नसता, एवढं कबूल करावं लागेल.

खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला माईंना आता १६ सेकंद लागत होते. पहिल्यांदा ही चाचणी जमली तेव्हा २७ लागले होते. बारा सेकंदांच्या पुढे पडण्याचा धोका धरतात, तेव्हा धोका होताच, पण चाल सुधारली होती. म्हणजे रुग्ण सुधारला. मी समाधानाने वही मिटणार होते.

दुसरा आकडा

काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे हे मोजायला झारिट यांची २२ प्रश्नांची यादी आहे, ० ते ८८ गुण, जास्त म्हणजे वाईट. श्रावणात वहिनींचे ४१ होते. त्या वेळी माई रात्रभर जागत होत्या, तेव्हा हे समजण्यासारखं होतं. कार्तिकात, माई झोपतात, चालतात, बोलतात, तेव्हा ५३.

मला वाटलं मोजण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. वहिनी आधी हसल्या, मग पदर डोळ्याला लावला, मग बोलायला लागल्या त्या तासभर.

श्रावणात संकट होतं, तेव्हा नवरा रात्रपाळी बदलून घेत होता, नणंद डिचोलीहून आठवड्याला दोन दिवस येत होती, शेजारीण दुपारी बसत होती. माई "बऱ्या झाल्या" आणि सगळे आपापल्या घरी गेले. माई खुर्चीत होत्या तोवर एका जागी होत्या, आता त्या कुळागरात जातात, ओल्या पाटाच्या कडेने, आणि वहिनी मागून. दिवसातून दहा वेळा तोच प्रश्न. गॅस उघडा राहिला दोनदा. महिला मंडळातलं काम आषाढात सोडलं ते परत मिळालं नाही, तिथे दुसरी बाई लागली. आणि ते चवथीतलं वाक्य. "बरी तर आहे की." वहिनी म्हणाल्या, त्या दिसापासून हांव फट मारता अशें जालां. म्हणजे, तेव्हापासून मीच खोटं बोलते असं झालंय.

गावातलं बोलणं वेगळंच. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ साली गोव्यातल्या वार्धक्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, लोकांशी गटागटाने बोलून केलेला. विस्मरण लोकांना नीट ओळखता येतं, ते वयाचाच भाग मानतात, डॉक्टरचं काम मानत नाहीत, आणि कारण विचारलं तर मुलांनी केलेली हेळसांड आणि मायेची कमतरता सांगतात. वीसहून जास्त वर्षांनी ते वाक्य मी माईंच्या शेजारणीच्या तोंडून ऐकलं, जवळजवळ जसंच्या तसं: सुनेने लक्ष दिलं असतं तर म्हातारी अशी झाली नसती. जी बाई सगळ्यात जास्त करते, तिच्याच नावावर आजार लागतो.

इथे मला गोव्यातलाच दुसरा अभ्यास आठवला. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तो 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली ८१ कुटुंबं. निम्म्या घरांत सहा महिने प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेल्या मदतनीस जात राहिल्या: आजार समजावून सांगणं, वागणुकीचे प्रश्न कसे हाताळायचे ते दाखवणं, सरकारी योजनांचे अर्ज, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे नेणं. रुग्णांच्या वागण्यात आणि क्षमतेत ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य मात्र स्पष्ट सुधारलं, त्रास कमी झाला. मी हा निबंध विद्यार्थिदशेत वाचला तेव्हा मला तो अर्धा यशस्वी वाटला होता. माईंच्या घरात मी नेमकं उलटं केलं होतं: रुग्ण सुधारला आणि काळजी घेणारी बिघडली. त्या घरात तीन महिन्यांत मी रक्तदाबाचं यंत्र सात वेळा उघडलं आणि साती वेळा ते माईंच्याच दंडाला बांधलं.

आठव्यांदा वहिनींच्या दंडाला बांधलं. १६४/१००. दुसऱ्या दिवशी परत घेतला, तसाच.

गोव्यात साठीच्या पुढचे लोक २०११ च्या जनगणनेतच ११.२ टक्के होते, देशात तेव्हा ८.६ टक्के. केरळच्या खालोखाल आपण. गावोगावच्या या घरांमध्ये एक वहिनी असते, आणि तिच्या नावाने केस पेपर निघत नाही.

पुढचे तीन महिने

घरची बैठक घेतली, माईंसमोरच. पुण्याचा भाऊ व्हिडिओ कॉलवर. मी त्याला डिलिरियम, औषधं, उरलेला विसर सगळं सांगितलं आणि शेवटी दोन आकडे वाचून दाखवले, ४१ आणि ५३. बराच वेळ तो बोलला नाही. मग पैसे पाठवतो म्हणाला. वहिनी म्हणाल्या पैसे नकोत, मे महिन्यात एक महिना आईला ने. ते अजून झालेलं नाही, तेव्हा त्यावर काही लिहीत नाही. नणंद महिन्यातून दोन शनिवार-रविवार येऊन राहते, हे मात्र चालू आहे.

सकाळी चार तास गावातलीच एक बाई ठेवायचं ठरलं. पैशांचा प्रश्न आला तेव्हा माई मधेच म्हणाल्या, माझे दोन हजार आहेत ना. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २००० रुपये त्यांच्या खात्यात येतात आणि ते देवळाच्या पावणीला, नातवाला, असे जातात. त्यात बाई मिळत नाही, उरलेले थोरला घालतो. पण माईंनी आपले घातल्यामुळे ती बाई "माझी" झाली, आणि तिचं ऐकतात. सुनेचं ऐकत नाहीत ते वेगळं.

त्या चार तासांत वहिनी अंगणवाडीशेजारच्या शिवणवर्गात जायला लागल्या. पाटाच्या कडेला थोरल्याने बांबूचा कठडा घातला. गॅसला खालून बंद करायचं बटण रात्री आणि दुपारी फिरवतात. गावातल्या भजनी मंडळाच्या बायकांना मी एकदा माईंचं सगळं सांगितलं, घरच्यांना विचारून. शेजारीण त्यात होती. तिने नंतर काय म्हटलं ते मला माहीत नाही, पण दुपारी परत येऊन बसायला लागली.

माघात झारिटचे गुण ४३. श्रावणातल्यापेक्षा अजून दोन जास्तच. माईंचे प्रश्नावलीतले गुण १९ चे १८ झाले, आणि त्यांच्या डब्यात आता पाच गोळ्या आहेत. डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे: कुठली गोळी, कशासाठी, कोणी दिली, कधीपासून.

वहिनींना मीठ कमी आणि चालणं यावर एक महिना देऊन बघितला, रक्तदाब उतरला नाही. मग मी त्यांना अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम लिहून दिलं. चिठ्ठी हातात घेऊन त्यांनी नाव अक्षर लावून वाचलं, झाकणाच्या आतल्या कागदाशी ताडून बघितलं आणि मला विचारलं, "ही गुळी घेतल्यार पांय सुजतले, न्ही?"